अभ्यासाची बैठक

(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांना पारितोषिके मिळाली त्या मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आमचे हे चार शब्द त्यांच्यासाठी नाहीत. आईच्या आग्रहास्तव येऊन मागच्या रांगेत बसलेली आणि टाळ्या वाजविताना खाली पाहणारी जी मुले आम्हांस येथून दिसत आहेत, त्यांच्याशी आम्हांस बोलावयाचे आहे. त्या रांगेत आम्हीही एके काळी बसलो होतो.

१९७६ साली आम्ही एस. एस. सी.च्या परीक्षेस बसलो. आमच्या घरी तिला मॅट्रिकच म्हणत. त्याच वर्षी आमचे चुलतबंधूही बसले. घर एक, कंदील एक आणि पुस्तकांचा संचही एकच. दोघेही गणितात नापास झालो. बंधूंची बुद्धी आमच्याहून पुष्कळ तीक्ष्ण होती, हे लपविण्याचे कारण नाही. निकालानंतर ते म्हणाले, "मन लागू दे, मग बसेन." आमचे मन कधी लागेल अशी आम्हांस आशाच नव्हती, म्हणून आम्ही रोज दिवेलागणीनंतर कंदिलापाशी जाऊन बसू लागलो. पहिले आठ दिवस नुसते बसणेच झाले. नवव्या दिवशी एक उदाहरण कोणाच्या मदतीवाचून सुटले, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीची वाट आम्ही दुपारपासून पाहू लागलो. ऑक्टोबरात आम्ही उत्तीर्ण झालो. बंधूंनी पुन्हा परीक्षेचा अर्ज भरला नाही.

पुढे ३६ वर्षे मुलांना शिकविताना आम्ही हेच पाहिले. उत्साह अभ्यासाच्या पुढे चालत नाही, मागून येतो. जो त्याची वाट पाहत बसतो तो बसूनच राहतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आपणांस ठाऊक आहेच. तरी त्यातील एक प्रसंग सांगतो. १८७५ साली हा मुलगा परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी गेला. शंभराहून अधिक मैलांची वाट, मधे सह्याद्री. तेथे वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेस बसूच दिले नाही. आल्या वाटेने तो परत गेला, आणि पुढील वर्षी कोल्हापुरास परीक्षा देऊन उत्तीर्ण झाला. मॅट्रिक होण्यास त्यास १८८१ साल उजाडले, तेव्हा तो तेविशीत होता. आपल्या घरी तेवीस वर्षांचा मुलगा मॅट्रिकला बसता, तर आपण त्याला काय काय म्हटले असते?

आता बसण्याविषयी. पुष्कळ मुले बसतात, परंतु तेच पान चार वेळा वाचतात. वाचलेले ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे म्हणजे पाठ झाले असा भ्रम होतो. परीक्षेच्या दालनात पुस्तक नसते, तेव्हा हा भ्रम फिटतो. आमच्या एका वृद्ध गुरुजींनी आम्हांस पुस्तक मिटून पाटीवर आठवून लिहावयास लावले होते. आम्हांस तो छळ वाटे. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हेच दाखविले. पाच मिनिटांनी विचारले तर पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु आठवड्याने विचारले तेव्हा, न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवताना कष्ट होतात, मन पळू पाहते. तरी तेच कष्ट उपयोगी पडतात. एक परिच्छेद वाचावा, पुस्तक मिटावे, लिहावे, मग ताडून पाहावे. एका वेळी अर्धा तास पुरे. मग उठून पाणी प्यावे, अंगणात फिरावे.

आणि मोबाईल! तो उपडा ठेवून भागत नाही. दुसऱ्या खोलीत आजीच्या स्वाधीन करावा. (हल्ली आजीही तो पाहत बसते, हा भाग निराळा.)

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलाला अभ्यासास बसवून आपण शेजारच्या खोलीत दूरदर्शनवरील मालिका मोठ्याने लावतो, आणि तो उठून आला की त्यालाच रागावतो. "किती टक्के पडतील?" असे रोज विचारल्याने टक्के वाढत नाहीत, मुलाचे लक्ष पुस्तकावरून आपल्या चेहऱ्याकडे मात्र जाते. त्यापेक्षा "आज नवे काय समजले?" असे विचारावे आणि तो सांगेल ते ऐकून घ्यावे. आपणांस त्यातले काही कळले नाही तरी चालेल.

एक गोष्ट मात्र आम्ही इतकी वर्षे कोठे बोललो नव्हतो. त्या पावसाळ्यात आम्ही कंदिलापाशी बसत असू, तेव्हा आमचे बंधू ओसरीवर अंधारात बसलेले असत. मधे दहा पावलांचे अंतर होते. "ये, माझ्याबरोबर बस," असे आम्ही एकदाही म्हटले नाही. कंदील एकच होता, आणि खरे सांगावयाचे तर तो वाटून घेण्याची आमची इच्छा नव्हती. पुढे त्यांनी आयुष्यभर मोलमजुरी केली. आम्हांस त्यांनी कधी बोल लावला नाही.

अध्यक्षमहाराज, आपल्या कार्यालयाच्या माडीवरील खोली सभेचे दिवस सोडता बंदच असते. तिची किल्ली आमच्याकडे द्यावी. उद्यापासून रोज सायंकाळी ६ ते ९ आम्ही तेथे दिवा लावून बसू. मागच्या रांगेतील ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे; मन लागलेले असण्याची अट नाही. कोणी आले नाही तर आम्ही आमचे वाचन करू.