शेवाळाचा गोळा

जपानी भाषेत ‘कोके’ म्हणजे शेवाळ आणि ‘दामा’ म्हणजे गोळा. कोकेदामाला कुंडी नसते. रोपाच्या मुळांभोवती चिकट मातीचा गोळा करून त्यावर शेवाळ दोऱ्याने बांधलेले असते. त्याची तहान डोळ्यांपेक्षा हातांना अधिक कळते. गोळा उचलून पाहावा. हलका लागला, तर पाण्यात बुडवावा आणि बुडबुडे थांबताच काढून नीट निथळू द्यावा. जड लागला, तर उन्हाआड, परंतु उजेडात, तसाच राहू द्यावा. माझे पहिले रोप मी मायेपोटी रोज भिजविले. त्याची मुळे कुजली. आता पाण्यापूर्वी मी गोळा तळहातावर तोलतो. कित्येक दिवस तो काहीच मागत नाही, आणि काहीच न देणे हीही सेवाच, हे मला उशिरा उमगले.