जोत्याचं माप लिहून ठेवा



आज बोलायचं आहे ते किनाऱ्यावरच्या जुन्या घरांबद्दल. सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, काय आहे, हे श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता कुणाला समजावून सांगायला नको. त्याची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. तेव्हापासून गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं घर बांधायला बंदी आली. पण त्या २०० मीटरांत आजोबा-पणजोबांची घरं आधीपासूनच उभी होती. त्यांचं काय? माझं सांगणं एवढंच, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: घराला हात लावण्याआधी जोत्याचं माप लिहून ठेवा.

आधी भीती घालवू या. नियम येण्यापूर्वी रीतसर उभं राहिलेलं घर आजच्या नियमात बसत नाही, तेवढ्यावरून ते बेकायदा ठरत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण ‘आता सरकार पाडणारच’ म्हणून मिळेल त्या भावाला घर-वाडी विकून मोकळे होतात. अहो, असं करू नका! असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती करायला १९९१ च्या अधिसूचनेतच मुभा होती. २०११ च्या अधिसूचनेत पुनर्बांधणीही आली. अट अशी की चटईक्षेत्र, जोतं आणि घनता आज आहे त्यापेक्षा वाढता कामा नये. जुन्या घराचा हक्क असा त्याच्या जोत्याएवढा आहे. त्याच्या आत तो पक्का, पण जोत्याबाहेर पाऊल टाकलंत की तिथे नवा नियम लागू.

आपल्या घरातला तांब्याचा हंडा डोळ्यांसमोर आणा. त्यावर आजीचं नाव आणि साल घातलेलं असतं. त्याला कितीदाही कल्हई लावा, हंडा तोच राहतो. ही झाली दुरुस्ती. अगदीच झिजला तर तांबटाकडे नेऊन तेवढ्याच तांब्याचा पुन्हा घडवून घेता येतो. ही पुनर्बांधणी. पण मोडीत टाकण्याआधी आपण त्याचं वजन करून घेतो की नाही? वजन न करता दिला, तर किती तांबं आपलं होतं हे नंतर कशावरून सांगणार? आणि आणखी तांबं घालून मोठा हंडा करून घेतला, तर तो आजीचा हंडा म्हणून कोण मानेल? घराचंही तसंच आहे. जोत्याचं माप म्हणजे त्या हंड्याचं वजन, आणि जुने कागद म्हणजे त्यावर घातलेलं नाव.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. छपरं उडाली, माड पडून भिंती खचल्या. पंचनामे झाले, पण पंचनामा असतो नुकसानीचा. जोत्याची लांबी-रुंदी आपणच लिहून ठेवायची असते. घाईघाईत चिरे हलवले, त्याच खर्चात पडवी दोन हात पुढे घेतली, वर स्लॅब टाकला, की पुढे एखादी तक्रार झाल्यावर मूळ घर केवढं होतं हे दाखवायला हातात काही उरत नाही. दोन हातांच्या हव्यासापायी सगळं घर वादात सापडतं. हे मी रागावूनच सांगतो आहे.

तेव्हा टेप घ्या, दोघांनी धरा. ओटी, माजघर, पडवी, न्हाणी सगळं मोजा. गोठा वेगळा असेल तर वेगळा लिहा. टेप जोत्याला लावलेली दिसेल असे फोटो काढा. जाणकार अभियंत्याकडून नकाशा करून त्यावर सही-तारीख घ्या. ग्रामपंचायतीतून नमुना आठचे उतारे काढा, १९९१ पूर्वीचे मिळाले तर फारच चांगलं. घरपट्टीच्या पावत्या, जुनी वीजबिलं जपा. घरपट्टी भरली म्हणून घर अधिकृत होत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. घर केव्हापासून उभं आहे, एवढंच ती पावती सांगते. आणि दुरुस्ती असो की पुनर्बांधणी, रीतसर परवानगी घ्यायचीच.

२०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत, म्हणजे चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त लोक असतील तिथे, नव्या घरांवरच्या बंदीची मर्यादा ५० मीटरवर आणली. बाकी गावांना २०० मीटरच. ‘आता सगळीकडे ५० झाले’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आपलं गाव कशात येतं, ते किनारा व्यवस्थापन आराखड्यात पाहून घ्या. २०० ते ५०० मीटरमधल्या घरांना उंचीची अट आहे, दोनच मजल्यांची आहे, शिवाय राहत्या घरात पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर वापर बदलण्याचा प्रश्न येतो. पण ते सांगायला आज वेळ नाही.

पावसाळ्याआधी कौलं परतायला माणूस बोलवाल, तेव्हा तो शिडी लावण्यापूर्वी जोतं मोजून घ्या.