गांधीलमाशीच्या हद्दीत



ज्या गावाचे नावच मोहोळ, तेथील श्रोत्यांना डंखाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. परंतु मधमाशी आणि गांधीलमाशी यांतील भेद आपण एकदा नीट ध्यानात घ्यावा.

मधमाशीची नांगी काटेरी. ती त्वचेत रुतून राहते, आणि तिच्यासोबतची पिशवी त्यानंतरही विष सोडीत राहते. म्हणून ती नखाने खरवडून ताबडतोब काढावी.

गांधीलमाशीची नांगी रुतून बसत नाही. ही माशी पुनःपुन्हा डंख करू शकते.

वाळल्या लाकडाचे तंतू चावून, लाळेत कालवून, कागदासारखे आपले घर ती विहिरीच्या कपारीत, गोठ्याच्या वळचणीला, डाळिंबाच्या दाट फांदीत मोठ्या कौशल्याने बांधते. आणि त्या घराच्या हद्दीत आपला हात पडला, म्हणजे ती धावून येते. एरवी पिकावरच्या अळ्या टिपून ती आपल्या पिलांना भरविते, हा तिचा उपकार विसरू नये.

म्हणून सांगतो.
घरटे दिसले, तर डिवचू नये. दगड मारू नये. संथपणे मागे सरावे.

डंख झालाच, तर जागा साबणाने धुवावी. थंड पाण्याची घडी ठेवावी. सूज चढण्यापूर्वी बोटातील अंगठी उतरवावी.

परंतु ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला, किंवा एकाच वेळी अनेक डंख झाले, तर चुना लावण्यात, लोखंड घासण्यात वेळ दवडू नये.

108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे.
श्वास कोंडला असता तेथे मिळणारे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन, हाच खरा इलाज आहे.