निकेलची नोंद



मी डॉक्टर नाही, बँकेतला निवृत्त माणूस. म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. खोट्या दागिन्याने मानेला खाज सुटते, जीन्सच्या बटणाखाली चट्टा उठतो आणि आपण म्हणतो, ‘उष्णता झाली!’ बऱ्याचदा कारण निकेल असतं. घामाने धातूतलं निकेल थोडं थोडं सुटून त्वचेत शिरतं, तिथल्या प्रथिनांना चिकटतं. त्वचेतल्या पहारेकरी पेशी ही खबर लसिकाग्रंथीत नेतात आणि टी-पेशी त्याची नोंद ठेवतात. तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. पण ही नोंद बहुधा जन्मभर राहते.

पुन्हा निकेल लागलं की त्या पेशी त्वचेत जमतात, पण त्याला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून परवा लग्नात घातलेला हार विसरतो आणि दोष जेवणातल्या वांग्यावर येतो!

त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट लावतात, ४८ तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. निकेल निघालं तर सुनेला ‘नखरे करते’ म्हणू नका. दागिना बदलू द्या, मग ते मंगळसूत्र का असेना.