नळीवर कोरलेलं नाव

माझा जन्म खडकीचा. वडील तिथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालचा तो कारखाना. त्यामुळे पुंगळी, दारू, प्रायमर हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखे वापरले जायचे. पुढे मी टूलरूमचं काम शिकलो आणि नोकरीसाठी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात गेलो. तिथे जो छंद लागला, त्याबद्दल आज बोलायचंय.

छंद असा, की जुन्या रायफलीला नवी नळी बसवायची, आणि तीही दुकानात न मिळणाऱ्या काडतुसासाठी. आधीच सांगून ठेवतो, आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय बंदूक बनवणंच काय, तिच्यात फेरफार करणंही गुन्हा आहे. तिकडे स्वतःपुरतं करायला मुभा आहे.

अशा काडतुसाला तिकडे 'वाइल्डकॅट' म्हणतात. रानमांजर! बाजारातली पुंगळी घ्यायची, तिचा गळा आवळायचा किंवा खांदा पुढे सरकवायचा आणि आपल्याला हवी ती गोळी बसवायची. यातली काही रानमांजरं पुढे माणसाळतात. .२२-२५० हे असंच घरगुती काडतूस, १९६५ मध्ये रेमिंग्टन कंपनीनं ते बाजारात आणलं. .२५-०६ला १९६९ उजाडावं लागलं. बाकीची बहुतेक करणाऱ्याबरोबरच संपतात.

ते कसं, हे मी शेजारच्या घरात पाहिलं. शेजारी गेले, आणि महिन्याभरानं त्यांच्या पत्नीनं मला बोलावलं. कपाटात एक देखणी रायफल होती आणि सोळा वर्षांच्या नातवाला ती हवी होती. नळीवर एक अक्षर नाही. शेजारी कपाटातच .२२ जातीच्या काडतुसांची एक पेटी. नातू म्हणाला, "हीच असणार."

मी ती पेटी घरी नेली. नंतर त्या नळीच्या चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचं, ओतीव काढलं. उकळत्या पाण्यापेक्षा कमी उष्णतेवर वितळणारा एक मिश्रधातू मिळतो. तो ओतायचा, गार झाला की बाहेर ढकलायचा आणि मापं घ्यायची. ते माप माझ्याकडच्या एकाही पुस्तकात सापडलं नाही. पेटीतलं काडतूस त्या चेंबरमध्ये सैल बसलं असतं. मग पुंगळी फाटते आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. गृहस्थ हाताचे फार कुशल होते हो, पण पाच मिनिटं काढून नाव कोरायचं राहून गेलं. शेवटी ती नळी कापून टाकावी लागली.

त्याच सुमारास मी माझ्या रायफलीचं जमवत होतो. हाताशी मार्टिनी कॅडेटचा सांगाडा होता. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडमध्ये ऑस्ट्रेलियातल्या शाळकरी कॅडेटांसाठी बनवलेली ही लहानखुरी रायफल. माझ्या सांगाड्यावर चक्क कांगारूचा छाप आहे. हिला मॅगझिन नाही. खालचा दांडा ओढला की ठोकळा खाली झुकतो, हातानं एक काडतूस सारायचं, एक बार काढायचा. रिकामी पुंगळी बाहेर ओढायला एक्स्ट्रॅक्टर तिच्या बुडाची कड पकडतो, म्हणून कडेचं काडतूस हिला मानवतं.

माझं मन होतं डोनाल्डसन वॉस्पवर. या नावांची गंमत बघा, हॉर्नेट, वॉस्प, बी, सगळ्या डसणाऱ्या माश्या! वॉस्प अचूकतेसाठी गाजलेलं. पण त्याची पुंगळी दुसरी एखादी आवळून, कापून, कातून करावी लागते. त्या चेंबरमध्ये दुकानातलं काहीच चालत नाही. मला त्यात अडचण दिसत नव्हती. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला पुंगळी कातण्याचं काय कौतुक!

सूनबाई चहा घेऊन आली आणि तिनं एकच विचारलं, "बाबा, तुमच्यानंतर याचं काय? आर्यन काय भरेल यात?"

कापलेली नळी डोळ्यांपुढे आली.

मग के-हॉर्नेट निवडलं. मूळ .२२ हॉर्नेट हेही एके काळचं रानमांजरच, विंचेस्टरनं १९३०मध्ये त्याची काडतुसं काढली. लायल किलबर्न यांनी १९४०मध्ये त्याच्या निमुळत्या पुंगळीचं पोट सरळ केलं आणि खांदा धारदार केला. दारूला थोडी जागा वाढली. वेग सेकंदाला शे-दीडशे फुटांनी वाढतो, फार नाही. पुंगळीचं पितळ पातळ, भरताना सहज चेपतं. पण दुकानातलं साधं हॉर्नेट के-हॉर्नेटच्या चेंबरमध्ये सुरक्षित उडवता येतं, आणि उडवलं की पुंगळी आपोआप नव्या आकाराची होऊन बाहेर येते. उलट, के-हॉर्नेट साध्या हॉर्नेटच्या चेंबरमध्ये शिरतच नाही. चूक व्हायला जागाच कमी. गोळी ४५ ग्रेनची, म्हणजे बरोबर पाव तोळा. मक्याच्या शेतात बिळं करणाऱ्या ग्राउंडहॉगसाठी तेवढी पुष्कळ झाली.

नळीला १६ इंचांत एक वेढा ठेवला. फायरिंग पिनचं भोक मोठं होतं, ते बुश बसवून लहान केलं. एक्स्ट्रॅक्टर हॉर्नेटच्या छोट्या कडेसाठी दोनदा करावा लागला, पहिला माझ्याच घाईनं वाया गेला.

नाव मात्र नळीच्या वरच्या बाजूला कोरलं, खाली लाकडाआड नाही. '.२२ के-हॉर्नेट', आणि दुसऱ्या ओळीत, 'साधं .२२ हॉर्नेट चालेल', इंग्रजीत आणि मराठीत. आर्यनला मराठी वाचायला जरा वेळ लागतो. पहिल्या दिवशी त्यानं बोट ठेवून ती ओळ वाचली, दुकानातल्या पेटीतलं एक काडतूस काढून मला दाखवलं, आणि मी मान हलवल्यावरच आत सारलं.