बाळाचं दुपटं: माया तीच, जागा बदला

हातातलं काम चालू राहू द्या, नुसते कान इकडे द्या. आज बोलायचंय बाळाच्या दुपट्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, दुपट्याचं काय सांगता? पिढ्यान् पिढ्या शिवतोय आपण. खरं आहे. घरात बाळ येणार म्हटलं की आजीचं मऊ झालेलं लुगडं, आईची सुती साडी पेटीतून बाहेर निघते. आम्हीही तशीच दुपटी शिवली. पण मागच्या थंडीत आमच्यातल्या एकीच्या घरी जे घडलं, त्यानं आम्ही सगळ्याच जाग्या झालो.

नात तीन महिन्यांची. पहाटे गारठा होता म्हणून आजीनं तिच्यावर घरातली जाड वाकळ घातली आणि ती चुलीकडे गेली. थोड्या वेळानं सून बघायला आली, तर पाय झाडता झाडता वाकळ वर सरकून पोरीच्या तोंडावर आलेली. पोर घामानं भिजलेली, लालबुंद. सुनेनं झटकन उचललं, तेव्हा ती रडली. मग घरातल्या सगळ्याच रडल्या. पोर वाचली. पण आजी अजून म्हणते, "मी तर मायेनंच पांघरलं होतं गं."

मायेनंच पांघरलं होतं, यात शंका नाही. म्हणून आजचं बोलणं कुणाला दोष द्यायला नाही. कापड कधी, कुठे आणि कसं वापरायचं, एवढंच बघू.

लहान बाळाला तोंडावर आलेलं कापड स्वतःहून बाजूला करता येत नाही. श्वास कोंडला तर ते ओरडूही शकत नाही. म्हणून डॉक्टर सांगतात, वर्ष पूर्ण होईपर्यंत झोपलेल्या बाळाजवळ सुटी गोधडी, दुलई, उशी, मऊ खेळणं काही ठेवू नका. डोकं गोल व्हावं म्हणून आपण मोहरीची उशी देतो, तीही नको. बाळाला उताणं झोपवा. अंथरूण सपाट हवं, फार मऊ नको. झोळीत झोप लागली, तर मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो. तेव्हा झोपलं की खाली घ्या. माशा बसतात म्हणून तोंडावर पदर टाकू नका, मच्छरदाणी लावा.

मग थंडीचं काय? पांघरुणाऐवजी अंगाबरोबरचे कपडे वाढवा, झबल्यावर झबलं घाला. हातपाय गार लागले म्हणून लगेच घाबरू नका. छातीला, पाठीला हात लावून बघा. तिथे कोमट असेल तर बाळ ठीक आहे. मान घामेजली असेल तर एक कपडा कमी करा. छातीच गार लागली, तर बाळाला उघड्या अंगानं आपल्या छातीशी घ्या, वरून दोघांना पांघरा, तोंड मोकळं ठेवा आणि दवाखाना गाठा. जन्मल्यापासून 42 दिवसांपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांना हे सगळं विचारा, त्यांचं ते कामच आहे.

दुपट्यात गुंडाळायचं तर छातीपाशी आपला हात आत जाईल इतकं सैल ठेवा. पाय सरळ ओढून आवळू नका. गुडघे वाकवून पाय फाकवता आले पाहिजेत, नाहीतर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. गुंडाळलेलं बाळही उताणंच झोपवा. ते कुशीवर वळायला बघू लागलं, की गुंडाळणं बंद.

आता कापड कसं निवडायचं? धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती सगळ्यात चांगलं. जर, टिकल्या, आरसे, मणी, गोंडे नकोत. बाळ ते तोंडात घालतं. दुपट्याचे टाके दोन्ही बाजूंनी तपासा. निघालेला दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला, तर रक्त थांबून बोट सुजतं. बाळ उगाच रडतंय वाटलं, तर हातापायाची बोटंही एकदा बघा.

आणखी एक गोष्ट आमच्यातल्या कितीतरी जणींना ठाऊक नव्हती. पेटीत आपण डांबरगोळ्या टाकतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच असा दोष असतो, की त्या गोळ्यांच्या वासानंही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जबर कावीळ होते. बाळाकडे बघून हा दोष कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी कधीच नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, आणि वापरण्याआधी कपडा धुऊन कडक उन्हात वाळवा.

वर्ष उलटलं, की गोष्ट बदलते. मूल एखादं फडकं धरून बसतं. आमच्या गटातली एक ताई ऊसतोडीला गेली, तेव्हा अडीच वर्षांचा मुलगा आजीकडे राहिला. रात्री झोपताना आईच्या जुन्या साडीचा तुकडा गालाशी लागायचाच. शेजारणी हसायच्या, "काय ही खोड!" आजीनं तो लपवला, तर पोरानं दोन रात्री घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी आजीनंच तुकडा काढून दिला.

मैत्रिणींनो, ही खोड नाही. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 साली यावर लेख लिहिला. आईपासून थोडं थोडं सुटं होताना मुलाला असा आधार लागतो आणि ती वाढीतलीच एक पायरी आहे, असं त्यांचं म्हणणं. आई नसली, तरी आईचा स्पर्श हातात असतो. पुढे मूल मोठं होतं, तसं ते आपसूक सुटतं.

तेव्हा हिसकावू नका, चिडवू नका. तुकडा मात्र हातरुमालाएवढाच ठेवा, काठ दुमडून शिवा. गळ्यात बांधू नका, पाळण्याला लटकवू नका. एकाच साडीचे दोन तुकडे करा आणि आलटून पालटून धुवा, म्हणजे एक वाळत असताना दुसरा हाताशी राहतो. अंगणवाडीत जाताना पिशवीत द्या, सेविकाताईंना सांगून ठेवा.

आता एक काम तुमच्याकडे. येत्या बचतगटाच्या बैठकीला घरातलं एक दुपटं घेऊन या. सगळ्या मिळून टाके बघा, दोरे कापा. आणि जिच्या घरी तान्हं आहे, तिच्या सासूबाईंनाही बोलवा. बाळाला पांघरूण बहुतेक त्यांच्याच हातून पडतं. आमच्यातली ती आजी आता नातीला झबल्यावर झबलं चढवते. वाकळ ती स्वतः पांघरते आणि नातीच्या शेजारी बसून राहते.

बरं तर, येतो आम्ही. पोराबाळांना जपा, स्वतःलाही जपा.