घर विकून त्याच घरात भाडेकरू

हप्ते थकलेत, बँक घरावर टाच आणणार. तेवढ्यात कुणी म्हणतं, ‘घर मला विका, भाडं भरा आणि इथंच राहा.’ 2008च्या मंदीत ब्रिटनमध्ये अनेक कुटुंबांनी हे मान्य केलं. घर बाजारभावापेक्षा बरंच स्वस्तात गेलं, भाडेकरार मात्र जेमतेम सहा-बारा महिन्यांचा. त्यात नव्या मालकाचेच हप्ते थकले, की भाडं नियमित भरणाऱ्यालाही घर सोडावं लागे. हा सरळ अन्याय होता. अखेर 2009पासून तिथल्या वित्तीय नियामकानं नियम आणले. पुढे किमान पाच वर्षांचा करार आणि फेरविचाराला 14 दिवस बंधनकारक केले. आपल्याकडे साठी ओलांडलेल्यांना रिव्हर्स मॉर्गेज मिळू शकतं: घर तारण ठेवून बँकेकडून पैसे मिळतात, मालकी आपलीच. घर विकण्याआधी बँकेत त्याची चौकशी जरूर करा.